पहिल्या बेसवरची धडक आणि दोन अंपायरचे दोन इशारे

सतरा वर्षांखालील मुलींचा शालेय सॉफ्टबॉल सामना. खानदेशातलं मैदान, दुपारचे साडेतीन, सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगचा उत्तरार्ध. स्कोअर ३-३, दोन आऊट, तिसऱ्या बेसवर रनर. फिल्डिंगला निळा संघ, बॅटिंगला पिवळा. शाळांची नावं लिहीत नाही, कारण मुली लहान आहेत आणि या प्रसंगात सगळ्यात मोठी चूक माझी आहे. मी बेस अंपायर होतो.

बॅटरने बॉल जेमतेम ढकलला. बॅटच्या खालच्या कडेला लागून तो तिसऱ्या बेसच्या बाजूला मातीवरून हळूहळू घरंगळत निघाला. थर्ड बेसमन धावत पुढे आली, उघड्या हातानेच बॉल उचलला आणि पाय न थांबवता फर्स्टला फेकला. असा थ्रो सरळ जाणं अवघड असतं. फेकणारीचं अंग होम प्लेटकडे धावत असतं आणि बॉलही त्याच बाजूला वाहवतो. हाही वाहवला.

फर्स्टला बेस दुहेरी होता: पांढरा अर्धा फिल्डरचा, केशरी बॅटरचा. फर्स्ट बेसमन पांढऱ्या बेसला पाय लावून तयार होती. बॉल आपल्या डाव्या हाताला, म्हणजे होमच्या बाजूला येतोय हे पाहून तिने बेस सोडला. डावा पाय फाऊल लाइनच्या, म्हणजे होम ते फर्स्ट या हद्दरेषेच्या, पलीकडे पडला, ग्लोव्ह लांब गेला. त्याच वेळी पिवळ्या संघाची बॅटर मान खाली घालून केशरी बेसकडे जीव तोडून धावत होती. तिचा खांदा हिच्या ग्लोव्हच्या हाताला आणि कमरेला बसला. दोघी पडल्या. बॉल मागे उडून बेसपासून चार पावलांवर थांबला. आधाराला आलेल्या सेकंड बेसमनने तो उचलला आणि पांढऱ्या बेसवर पाय आपटला. बॅटर तेव्हा केशरी बेसपासून हातभर अलीकडे गुडघ्यांवर होती. तिसऱ्या बेसवरची मुलगी एव्हाना होम प्लेट ओलांडून गेली होती.

मी मूठ उंचावली आणि ओरडलो, "आऊट!"

होम प्लेटजवळ माझे जोडीदार डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून उभे होते. तो हात धडक झाली तेव्हापासून तसाच होता. मी तो पाहिलाच नव्हता. माझा आवाज विरायच्या आत त्यांनी दोन्ही हात वर केले. "डेड बॉल!" म्हणजे खेळ थांबवला.

एका मैदानावर एकाच प्लेला दोन अंपायर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते. निळ्या मुली आनंदाने उड्या मारत होत्या, पिवळ्याही मारत होत्या, आणि मध्ये दोघी मातीत बसलेल्या.

आधी मुली

सगळ्यात आधी आम्ही टाइम घेतला. फर्स्ट बेसमनचं मनगट सुजायला लागलं होतं, बॅटरच्या हनुवटीला खरचटलं होतं. बर्फ आला, पाणी आलं. निर्णय दोन मिनिटं थांबला तरी बिघडत नाही. अशा वेळी दोन्ही कोच लगेच अंपायरकडे धावतात आणि मुलींकडे राखीव खेळाडू धावतात, हे मला दरवेळी खुपतं. त्या दिवशी पिवळ्या संघाच्या मॅडम आधी दोन्ही मुलींपाशी गेल्या, निळ्या मुलीचं मनगट स्वतः हातात घेऊन पाहिलं, आणि मगच माझ्याकडे आल्या.

तीनपैकी कोणता निर्णय

या प्लेला तीन नावं देता येत होती आणि तिन्हींचा निकाल वेगळ्या कारणाने लागत होता.

रनरने (बॉल मारून पळू लागली की बॅटरही रनरच) फिल्डरला अडवलं असं मानलं, तर ते इंटरफिअरन्स. बॉल डेड, बॅटर आऊट, तिसरा आऊट फर्स्ट बेसला पोचण्याआधीच झाला म्हणून रन नाही. सामना पुढे चालू.

कुणीच कुणाला नियमबाह्य अडवलं नाही, दोघी आपापलं काम करताना आदळल्या असं मानलं, तर खेळ चालू. मग सेकंड बेसमनने बॉल हातात घेऊन पांढऱ्या बेसला पाय लावला तेव्हा बॅटर आऊट. रन नाही.

फिल्डरने रनरला अडवलं असं मानलं, तर ते ऑब्स्ट्रक्शन. बॅटरला फर्स्ट बेस मिळतो, रन धरला जातो, सामना ४-३ असा संपतो.

मी दिलेला आऊट दुसऱ्या नावाखाली येतो. आजही तो प्ले डोळ्यांसमोर आणला की वाटतं, तेवढ्यापुरता तो चुकीचा नव्हता. बॉल हातात, पाय पांढऱ्यावर, रनर बेसवर नाही. मी पाहिलं तेच सांगितलं. पण मी पाहिलं ते शेवटचं होतं, आणि प्लेचा फैसला त्याच्या दोन सेकंद आधीच होऊन गेला होता.

मला का दिसलं नाही

दोन अंपायरच्या पद्धतीत बेस रिकामे असतात तेव्हा बेस अंपायर फर्स्ट बेसच्या मागे, फाऊल लाइनच्या बाहेर, वीसेक फुटांवर उभा राहतो. इनफिल्डमध्ये ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉल, गेला की तिथून आत येतो आणि थ्रोच्या रेषेशी काटकोन धरायला पाहतो. होम प्लेटचा अंपायर मास्क काढून बॅटरच्या मागोमाग लाइनने अर्ध्यापर्यंत जातो. फिल्डरचा पाय बेसवरून सुटला का, रनर लेनमध्ये, म्हणजे तिच्यासाठी आखलेल्या पट्ट्यात, आहे का, हे त्याचं काम. ही वाटणी नीट असली की फर्स्ट बेसवर चार डोळे लागतात.

तिसऱ्यावर रनर आली की ही घडी मोडते. होमचा अंपायर होम सोडू शकत नाही. बेस अंपायर बाहेर न राहता सेकंड बेसमनच्या जवळ, तिच्या थोडा मागे उभा राहतो, कारण त्याला तिन्ही बेसकडे पाहायचं असतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत यापेक्षा जास्त अंपायर असतात. आपल्याकडे शालेय सामन्याला दोन मिळाले तरी आयोजकांचे आभार मानावेत अशी स्थिती आहे.

मी सेकंडच्या बाजूने फर्स्टकडे पळालो. थ्रोशी कोन चांगला मिळाला. नेहमीच्या प्लेला यापेक्षा चांगली जागा मागितली नसती. पण फर्स्ट बेसमन थर्डकडे तोंड करून होती, ग्लोव्ह तिच्या डाव्या हातात, आणि डावी बाजू म्हणजे होमची बाजू. मी तिच्या उजवीकडे. बॉल जिथे आला, रनर जिथून आली आणि दोघींची गाठ जिथे पडली, ते सगळं तिच्या अंगाआड गेलं. मला दिसली ती तिची पाठ आणि मग पडलेल्या दोघी.

फर्स्ट बेसवर आम्हाला शिकवलेलं असतं की बॉल हातातून सुटेपर्यंत बॉल बघा, थ्रो खरा आहे असं कळलं की नजर बेसवर न्या, आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानाने घ्या. सरळ थ्रोला ही रीत चोख आहे. पाय आणि आवाज, जे आधी ते खरं. त्या दिवशी कानांनी फसवलं. मी "थप्प" असा एकच आवाज ऐकला आणि समजलो की बॉल ग्लोव्हमध्ये बसला, मग धडकेने सुटला. बॉल खरं तर मनगटावर लागला होता, ग्लोव्हच्या पट्ट्याच्या वर. बारा इंच घेराचा, दोनशे ग्रॅमच्या थोड्या आतल्या वजनाचा बॉल मनगटाच्या हाडावर लागला तरी साधारण तसाच आवाज येतो. सूज कुठे आली होती ते पाहिल्यावर माझी खात्री झाली. पण तोवर मूठ वर गेलेली होती.

दुसरी चूक मोठी. थ्रो वाहवतोय हे मला दिसलं होतं. थ्रो वाहवला की काटकोन सोडायचा, एक-दोन पावलं होमच्या बाजूला सरकायचं, म्हणजे फिल्डर आणि रनर यांच्यामधली फट दिसते. मी जागेवर खिळून राहिलो. आणि प्ले संपल्यावर जोडीदाराकडे एक नजर टाकायची, ती न टाकता ओरडलो. एका श्वासाचा उशीर कुणालाही अडचणीचा ठरला नसता.

दोघांचं बोलणं

आम्ही पिचरच्या प्लेटपाशी भेटलो, दोन्ही संघांकडे पाठ करून. जोडीदार माझ्याहून वयाने मोठे, पीटीचे निवृत्त शिक्षक. मी म्हटलं, "सर, मी आऊट फक्त बेसच्या टचवर दिलाय. धडक मला दिसली नाही."

ते म्हणाले, "मला दिसली. मी लाइनवर सरळ बघत होतो. तिचा पाय लेनमध्ये होता. पोरगी तिला लागली तेव्हा बॉल अजून हवेत होता."

"ग्लोव्हमध्ये आलाच नाही?"

"नाही. हाताला लागून उडाला."

एवढंच बोलणं. होम प्लेटपासून फर्स्टकडे पाहणाऱ्या माणसाला लांबून दिसतं, पण फाऊल लाइन त्याच्यापुढे दोरीसारखी सरळ असते. पाय कोणत्या बाजूला पडला हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. ऑब्स्ट्रक्शन कुठलाही अंपायर देऊ शकतो. ते दिल्यावर खेळ लगेच थांबवत नाहीत, डावा हात आडवा धरून प्ले पूर्ण होऊ देतात, आणि अडवलेली रनर आऊट झाली की तिथे बॉल डेड करून तिला हक्काचा बेस देतात. सरांनी तेच केलं होतं, अगदी क्रमाने. त्यांच्या निर्णयापुढे माझा आऊट आपोआप गळून पडत होता.

तरी तो मागे घ्यायचं काम माझं होतं. ज्याने निर्णय दिला त्यानेच तो बदलून सांगायचा. दोन्ही कोचना बोलावलं आणि मी सांगितलं: फिल्डरच्या ताब्यात बॉल नसताना तिने रनरला अडवलं, ऑब्स्ट्रक्शन, बॅटरला फर्स्ट बेस, रन धरला.

निळ्या संघाच्या सरांचं म्हणणं

ते चिडले होते. त्यांच्या खेळाडूचा हात सुजलेला आणि सामना हातचा गेलेला. त्यांनी तीन मुद्दे मांडले, आणि तिन्ही ऐकून घेण्यासारखे होते.

पहिला मुद्दा, फिल्डर बॉल घेत असते तेव्हा रनरने तिला चुकवून जायचं असतं. हे अर्धं बरोबर आहे आणि मैदानावर सर्वात जास्त गोंधळ याच अर्ध्या खरेपणाने होतो. बॅटने मारलेला बॉल फिल्डर घेत असेल तर रनरने वाट सोडायचीच, न सोडली तर इंटरफिअरन्स, मग ती मुद्दाम असो वा नसो. पण इथे फिल्डर फेकलेला बॉल घेत होती. थ्रो घेणाऱ्या फिल्डरला नियम तसं अभय देत नाही. थ्रोच्या वेळी रनर दोषी ठरते ती दोन प्रकारे: तिने मुद्दाम आड येऊन अडवलं, किंवा ती लेनच्या बाहेरून पळाली आणि फर्स्टवर थ्रो घेणारीला त्याचा अडथळा झाला.

त्यांचा दुसरा मुद्दा त्यावरच होता: ती लेनमध्ये नव्हती. होम ते फर्स्ट हे अंतर ६० फूट. त्यातल्या फर्स्टकडच्या ३० फुटांना फाऊल बाजूला तीन फूट रुंदीची लेन आखलेली असते. आमच्या मैदानावर सकाळी फक्कीने ती आखली होती, पण सहा इनिंगच्या पळापळीत आणि वाऱ्यात नाहीशी झालेली. फाऊल लाइनचीही पुसट खूण तेवढी उरली होती. मी सरांना सोबत घेऊन गेलो. धूळ बसावी म्हणून दुपारी मैदानावर पाणी मारलेलं, त्यामुळे बुटांचे ठसे उमटले होते. बॅटरची शेवटची दोन पावलं रेषेपासून वीतभर बाहेर, लेनच्या आत, केशरी बेसच्या सरळ रेषेत. आणि त्यांच्या मधोमध, आडवा, फर्स्ट बेसमनचा डावा पाय. निर्णय जोडीदाराच्या नजरेवर दिला होता, ठशांवर नाही. पण ते पाहिल्यावर सर या मुद्द्यावर पुढे बोलले नाहीत.

तिसरा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, "ती बॉल घेण्याच्या तयारीत होती. बॉल तिच्यापर्यंत आलाच होता. दोघी आपापलं काम करत होत्या. याला ऑब्स्ट्रक्शन म्हणत नाहीत."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी नियम शिकले तेव्हा असंच होतं. जुन्या नियमात बॉल ताब्यात असलेल्या फिल्डरबरोबरच बॉल घेण्याच्या बेतात असलेल्या फिल्डरलाही सूट होती. बॉल, फिल्डर आणि रनर एकाच वेळी एका जागी आले की अंपायर हात खाली ठेवून "खेळा" म्हणायचे. ती सूट पुढे काढून टाकली गेली. आता प्रश्न एकच: बॉल तिच्या ताब्यात होता का? येतच होता, बोटांना लागला, ग्लोव्हवर आपटला, हे पुरत नाही. हातात किंवा ग्लोव्हमध्ये तो धरलेला हवा. धरलेला नसेल आणि रनर अडली, तर ऑब्स्ट्रक्शन. फिल्डरचा हेतू पाहायचा नाही.

म्हणून बॉल आधी की धडक आधी, यावर डोकं खपवायची गरजच इथे उरत नाही. अगदी एकाच क्षणी झालं असं धरलं तरी बॉल मनगटावर लागून उडाला, ताब्यात आलाच नाही. तो नीट ग्लोव्हमध्ये बसला असता आणि मग धडक झाली असती, तर गोष्ट निराळी होती. बॉल धरून ठेवला तर टॅगने (बॉलसकट ग्लोव्ह रनरला लावून) आऊट, सुटला तर खेळ चालू. आणि बॉल हातात घेऊन उभ्या असलेल्या फिल्डरवर रनर न घसरता मुद्दाम आदळली, तर रनर आऊट, शिवाय दांडगाई असेल तर मैदानाबाहेर.

आपल्याकडे अनेक कोच अजून जुन्याच समजुतीने शिकवतात, आणि काही अंपायर तसेच निर्णय देतात. ते चुकत आहेत, आणि याचा भार मुलींच्या अंगावर पडतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येतोय. आपल्या शाळांमधल्या मुलींना निदान आजचा नियम तरी आजच मिळायला हवा.

सरांनी प्रोटेस्टचं नाव काढलं. फिल्डरचा पाय कुठे होता, बॉल कुठे होता, या अंपायरच्या पाहण्यावर प्रोटेस्ट होत नाही. नियम चुकीचा लावला असं म्हणणं असेल तर होतो. जोडीदाराने पिशवीतून नियमपुस्तक काढलं, ऑब्स्ट्रक्शनची व्याख्या उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, पुस्तक परत दिलं आणि मुलीचं मनगट बघायला निघून गेले.

डबल बेस असूनही

एक गोष्ट मला टोचत राहिली. त्या मैदानावर डबल बेस होता, म्हणजे १५ बाय ३० इंचांचा, अर्धा पांढरा फेअर (आतल्या) बाजूला, अर्धा केशरी फाऊल (बाहेरच्या) बाजूला. तो अशाच धडका टाळण्यासाठी आहे. फर्स्टला प्ले होत असेल तर फिल्डरने पांढरा वापरायचा, बॅटरने केशरी. दोघींचे पाय एका चौकोनावर येऊ नयेत म्हणून एवढी सोय. थ्रो फाऊल बाजूने येत असेल, उदाहरणार्थ तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटून बाहेर गेला, तर दोघींना कुठलाही भाग मोकळा. आमचा थ्रो आतल्या बाजूचा होता, तेव्हा हा अपवाद लागू नव्हता.

पण डबल बेस फक्त बेसवरची गर्दी टाळतो. बेसच्या अलीकडचे तीन-चार फूट तो राखू शकत नाही. तिथे राखण लेनची, आणि लेन तर पुसलेली. रेषा पुन्हा मारा असं सांगायला हवं होतं ते चौथ्या-पाचव्या इनिंगलाच. अंपायरने बॅट तपासायच्या, हेल्मेट पाहायची, तशी ही रेषाही मधे मधे पाहायला हवी. त्या दिवशी ती आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. अनेक ठिकाणी तर अजून एकच पांढरा बेस ठेवून सामने उरकतात. अशा ठिकाणी मी आता सामना सुरू होण्याआधी दोन्ही कोचना बोलावून सांगतो, की फर्स्टवर फिल्डरने आतली कड घ्यायची आणि रनरने बाहेरची. केशरी बेस नाही म्हणून मुलींनी एकमेकींवर आदळावं असं होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी

स्पर्धा दोन दिवसांची होती. निळ्या संघाचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना बाकी होता. सकाळी सात वाजता मी आणि जोडीदार फक्की मारत होतो. ती फर्स्ट बेसमन मनगटाला पट्टी बांधून जवळ येऊन उभी राहिली. हाड शाबूत होतं, पण त्या दिवशी ती खेळणार नव्हती.

"सर, मग मी तो बॉल सोडून द्यायला हवा होता का?"

तिसऱ्यावर रनर असताना बॉल सोडला तर रन जाणारच, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. नुसतं "लेनमध्ये जाऊ नको" म्हणून तिचं समाधान झालं नसतं, आणि ते बरोबरही नव्हतं. मी तिला पांढऱ्या बेसवर उभं केलं आणि थर्डच्या बाजूला बोट दाखवलं. थ्रो आतून येतोय. लेनमध्ये शिरण्याआधी तो आतल्या जमिनीवरून, रेषेच्या अलीकडूनच येणार. तो वाहवताना दिसला की रेषेकडे आडवं जायचं नाही. बेस सोडून सरळ बॉलवर, पुढे आत जायचं आणि रेषा ओलांडण्याआधी त्याला गाठायचं. दोन्ही पाय फेअरमध्ये. बॉल ग्लोव्हमध्ये बसला की मग वळून, बाजूने जाणाऱ्या रनरला ग्लोव्ह लावायचा. तेव्हा बॉल तुझ्या ताब्यात असेल आणि वाट तिची मोकळी.

तिने राखीव मुलीला थर्डच्या बाजूला उभं केलं, ग्लोव्ह तिच्याच हवाली केला आणि टेनिसचा बॉल मागवून एका चांगल्या हाताने सुरू केलं. मैत्रीण मुद्दाम वाकडे थ्रो टाकत होती. पहिले पाच-सहा वेळा डावा पाय सवयीने रेषेपलीकडेच पडला आणि आमची ओली फक्की पुसली गेली. जोडीदार काही न बोलता डबा घेऊन आले आणि तेवढी रेष पुन्हा मारून गेले. मग ती थांबली, खाली पाहिलं, आणि पुढच्या थ्रोला आत आली.